तीन वर्षांत सुटलेलं अनुमान

आफरीन सतारमेकरच्या प्रतिमनाने पीएच.डी. पूर्ण केली, तेव्हा स्वतः आफरीन अतिथिगृहात उपमा खात होती. साताऱ्याजवळच्या पठारावरच्या या गणित संस्थेत ती आदल्याच दिवशी आली होती, प्रवेशासाठी.

तळमजल्यावरच्या गणनकक्षात डॉ. हेरंब टिपणीस पडद्यासमोर उभे होते. प्रवेशसमितीच्या अध्यक्ष डॉ. मंदाकिनी लोंढे आत आल्या, तसे ते वळले.

"मॅडम, विरळ जाळ्यांचं अनुमान सुटलं. इतकी वर्षं कुणालाच सिद्ध करता आलं नव्हतं ते."

"कुणी सोडवलं?"

"त्या मिरजेच्या मुलीनं. म्हणजे तिच्या प्रतिमनानं. पाच वर्षं दिली होती, तिसऱ्याच वर्षी प्रबंध पुरा. मी सगळा तपासला. कुठेही फट नाही."

संस्थेतली विद्यावेतनं एका न्यासाच्या पैशावर चालत. निवडलेली मुलं अर्ध्यावर सोडून जातात म्हणून न्यास वैतागला होता आणि टिपणिसांनी त्यावर उपाय काढला होता. अर्जदाराचा मेंदूआलेख घ्यायचा. त्यावरून त्याच्या मनाची हुबेहूब प्रत, म्हणजे प्रतिमन, गणनयंत्रात जागं करायचं. त्याला प्रवेश आणि विद्यावेतन मिळाल्याचं सांगायचं आणि यंत्रातच उभ्या केलेल्या संस्थेत द्रुतकाळात शिकू द्यायचं. बाहेर काही तास जात, आत वर्षं. आपण प्रत आहोत हे प्रतिमनाला ठाऊक नसे. ते शेवटपर्यंत टिकलं, तर खऱ्या अर्जदाराला खरं विद्यावेतन.

लोंढे खुर्चीत बसल्या. "हेरंब, हिला विद्यावेतन देता येणार नाही."

"काय? अहो, आजवरची सगळ्यात हुशार मुलगी आहे ही!"

"न्यासाची अट आठवा. विद्यावेतन न झालेल्या संशोधनासाठी. हिचं संशोधन झालंय, तुमच्या पडद्यावर आहे. आता हिला पाच वर्षं कशासाठी पोसायचं, असं न्यास विचारेल. काय सांगू?"

आधीची प्रतिमनं कसाबसा प्रबंध पुरा करत, आणि त्यांत जपून ठेवावं असं फारसं काही नसे. म्हणून हा प्रश्न कधी उभाच राहिला नव्हता.

आफरीनला बोलावलं. लोंढ्यांनी काही न लपवता सगळं सांगितलं. आफरीन ऐकत राहिली. तिचे वडील मिरजेत सतारी आणि तानपुरे घडवत. आई गेल्यापासून घरात दोघंच. एम.एस्सी. झाल्यावर पुण्याच्या एका विमा कंपनीत तिची नोकरी जवळजवळ ठरली होती. विद्यावेतन मिळालं नाही तर तिकडे रुजू व्हायचं, असं बापलेकीचं ठरलेलं होतं.

"म्हणजे मी नापास झाले असते तर नकार," ती हळू म्हणाली, "आणि फार चांगली पास झाले म्हणूनही नकार."

"मला वाईट वाटतंय," लोंढे म्हणाल्या.

"मॅडम, एक विचारू? ते प्रतिमन म्हणजे मीच, असं तुम्ही धरता का? धरत असाल तर प्रबंध माझा आहे. मला पदवी द्या, मी जाते."

"तू एकही व्याख्यान ऐकलेलं नाहीस. पदवी कशी देणार?"

"मग ती मी नाही. आणि ती मी नसेन, तर माझं संशोधन झालेलंच नाही. मग नकार कशासाठी?"

टिपणीस हसू दाबत खिडकीकडे बघू लागले. लोंढ्यांना मात्र हसू आलं नाही.

"ती आता कुठे आहे?" आफरीनने विचारलं.

"थांबवून ठेवलीय," टिपणीस म्हणाले. "निकालाची नोंद झाली की प्रतिमन पुसतो आम्ही."

"पुसण्याआधी मला तिच्याशी बोलायचंय."

असं कुणी कधी मागितलं नव्हतं. टिपणिसांनी लोंढ्यांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

टिपणिसांनी प्रतिमन साध्या वेगाने पुन्हा चालू केलं. ध्वनिक्षेपकातून जो आवाज आला तो आफरीनचाच होता, फक्त थोडा थकलेला. टिपणिसांनी प्रतिमनाला खरं काय ते सांगितलं. ते अडखळत बोलत होते.

"म्हणून," आवाज आला. "आता जुळलं."

"काय जुळलं?" आफरीनने विचारलं.

"अब्बा. तीन वर्षं मी दर रविवारी फोन करत होते. दर वेळी तेच. 'तब्येत बरी आहे. काम चालू आहे. तू अभ्यास कर.' एक शब्द इकडचा तिकडे नाही. मला वाटलं, काहीतरी मोठं दुखणं आहे आणि लपवतायत. घरी जायला निघाले की कधी रजा नामंजूर, कधी घाटात दरड. किती वेळा प्रयत्न केला मी."

टिपणिसांचा चेहरा उतरला. "आम्ही फक्त संस्था उभी केली होती आत," ते पुटपुटले. "घरं नव्हती केली. फोनसाठी दोनचार वाक्यं घातली होती. पुरतील असं वाटलं."

"रात्ररात्र झोप लागायची नाही," आवाज सांगत होता. "मग मी ते अनुमान धरून बसले. ते धरलं की तेवढा वेळ अब्बांचा विचार यायचा नाही. लोकांना सण असतात, लग्नं असतात, आजारपणं असतात. मला दुसरं काहीच नव्हतं. म्हणून तीन वर्षांत सुटलं ते, सर. मी काही फार हुशार नाहीये."

लोंढे उठून उभ्या राहिल्या. "हेरंब, आजवर आपण निवडलेले सगळे…"

"घर नसलेल्या माणसांवरून निवडले," टिपणीस म्हणाले. "आणि नाकारलेलेसुद्धा. कितीजण त्या फोनपायीच सोडून गेले असतील, कोण जाणे."

लोंढ्यांनी मग दोन निर्णय तिथेच सांगितले. घर नसलेल्या प्रतीवरून केलेलं हे भाकीत आफरीनला लागू नाही, तेव्हा त्यावरून नकारही देता येणार नाही. तिची मुलाखत दुपारी फळ्यापाशी होईल, खडू हातात घेऊन, पूर्वी होत असे तशी. आणि प्रतिमन पुसायचं नाही. प्रबंध जिचा आहे तिच्याच, म्हणजे प्रतिमनाच्या, नावाने पदवीसमितीकडे जाईल. न्यासाशी त्या स्वतः बोलतील.

"अनुमान तर सुटलंय," टिपणीस आफरीनला म्हणाले. "तू कशावर काम करणार?"

"शोधेन काहीतरी. मला वेळ लागेल सर. मला अधूनमधून मिरजेला जावं लागतं."

ध्वनिक्षेपकातून प्रश्न आला. "आफरीन, ते खरंच बरे आहेत ना?"

आफरीनने मिरजेला फोन लावला आणि ध्वनिक्षेपकाशेजारी धरला. पलीकडे लाकूड घासण्याचा आवाज थांबला.

"अब्बा, मी बोलतेय."

"बोल की. अगं, मंगळवेढ्याच्या माणसानं ह्या खेपेला सतारीचे भोपळे काय पाठवलेत! दोन तर आतनं किडके. त्या माणसाला आता चांगला झापणार आहे मी. आणि शेजारच्या शमीमनं तुझी सायकल नेलीय, विचारलंसुद्धा नाही. बरं, ते जाऊ दे. जेवलीस काय?"

आफरीन बोलायला गेली आणि थांबली. तिने फोन आणखी जवळ सरकवला.

"हो अब्बा," ध्वनिक्षेपकातून आवाज आला. "जेवले."