लिझेलची झूल

दुकानाचं दार उघडलं तेव्हा आधी आत आलं ते धुकं… आणि त्याच्या मागून तो.

कौमुदीने काउंटरवरून मान वर केली. जर्मनीतल्या आखन गावातल्या घोडेस्वारीच्या सामानाच्या त्या दुकानात शनिवारी येणारी गिऱ्हाइकं तिला तोंडपाठ झाली होती. उंच बूट, तांबडे गाल आणि कुठल्याही हवेत न मोडणारा उत्साह. हा त्यातला नव्हता. सावळा, चष्म्यावर बाष्प साचलेलं, आणि झोपलेलं मूल आणावं तशी दोन्ही हातांवर धरलेली घोड्याची झूल. पावसाथंडीत कुरणावर राहणाऱ्या घोड्याला घालतात, ती जाड, पाणी न झिरपणारी. पण ही मात्र सगळीकडून ठिबकत होती.

"आल्झो…" त्याने जर्मनमध्ये सुरुवात केली, आणि झूल निसटून धप्पकन त्याच्याच पायावर पडली. "आई गं!"

"थांबा, फडकं देते," कौमुदी म्हणाली.

त्याने झटकन मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बाहेर पाऊस काचेवर बोटं वाजवत होता. उन्हाळ्यातल्या फुटबॉलच्या वर्ल्ड कपचे झेंडे समोरच्या खिडकीत अजून भिजत लटकले होते.

"तुम्ही मराठी?"

"नाही, फडक्यापुरतीच," ती म्हणाली, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे काही उजळलं ते पाहून तिला उगीचच काउंटर पुसावासा वाटला.

ती इचलकरंजीची. घरी यंत्रमाग, त्यामुळे कापड बोटांनी ओळखायची सवय. इथल्या विद्यापीठात वस्त्रशास्त्र शिकत होती आणि शनिवारी या दुकानात उभी राहायची. तो हृषिकेश, चिपळूणचा. गिअर बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर.

तिने झूल उचलून टेबलावर ठेवली आणि तिचा हात थबकला. इतकी सुरेख घडी! अस्तर आत, बकलं झाकलेली, कड कडेला लागलेली.

"घडी छान घातलीत."

"मी नाही घातली." त्याचा आवाज एकदम खाली आला. "मला एक सांगा… ही बकलं आपोआप सुटतात का हो?"

"नाही."

"आणि सुटलेली झूल आपोआप फाटकावर… अशी घडी होऊन बसते?"

कौमुदी हसली. तो हसला नाही. तेव्हा तिच्या मानेवर, केसांच्या खाली, काहीतरी गार सरकून गेलं.

मग त्याने सगळं सांगितलं. गावाबाहेर, बेल्जियमच्या हद्दीकडे, जिथे बस वळून परत फिरते तिथे तो राहायचा. घरमालकीण आग्नेस क्रिंग्स, त्याची ओमा क्रिंग्स. ओमा म्हणजे आजी. नवखा, एकटा आला तेव्हा तिने त्याला खोली दिली होती, सूप दिलं होतं, आणि त्याचं जर्मन चुकलं की कान धरायचीसुद्धा. सप्टेंबरात ती गेली. मागे राहिली तिची म्हातारी घोडी, लिझेल. घोडीची लव आता हिवाळ्यापुरती दाट होत नव्हती. कोरडी ठेवलीत तर हिवाळा काढेल, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून तो रोज संध्याकाळी झूल घालायचा… आणि रोज सकाळी घोडी उघडी, कुडकुडत, आणि झूल फाटकावर.

"ओमाच्या भाचीला, ब्रिगिटेला वाटतं, मी आळस करतो. पुढच्या रविवारी ती येणारे. घोडी ओली दिसली तर घेऊन जाणार. कायमचीच." त्याने चष्मा पुसला. "लिझेल गेली तर मी तरी त्या घरात काय करू? नेकारसुल्मला बदली मिळतेय. जाईन तिकडे."

"चिपळूणचे असून भुताला घाबरता?"

"चिपळूणचाच माणूस घाबरतो. बाकीच्यांना माहीतच नसतं."

ती ओठ चावून हसू आवरत झूल उलगडू लागली, आणि उलगडतच राहिली. "अहो, ही केवढी! घोडा आहे की हत्ती?"

"एक साइज मोठी घेतली," तो जरा ओशाळला. "वाढत्या अंगाची. आई नेहमी तसंच…"

"ती म्हातारी आहे ना? आता काय वाढणार?"

तो लाल झाला. ती हसली ती हसलीच… आणि हसता हसता म्हणून बसली, "उद्या येते मी. माप घ्यायला."

---

रविवारी धुकं इतकं होतं की बसमधून उतरल्यावर कौमुदीला स्वतःचे बूट धड दिसेनात. कुरणाच्या फाटकाशी लिझेल उभी होती, करडी, धुक्याचाच एक घट्ट झालेला तुकडा असावा तशी. मान लांबवून, कान पुढे करून ती समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहत होती. मधूनच डोळे मिटून खालचा ओठ लोंबू देत होती. खरारा करताना घोडी करते ना, अगदी तसं.

"ही नेहमी अशीच?" कौमुदीने विचारलं.

"ओमा तिथे उभी राहायची," हृषिकेश म्हणाला.

कौमुदीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि टेप काढली. मानेच्या मुळाशी, पाठ जिथे उंच होते, तिथपासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजायचं असतं. तिने इकडचं टोक दाबून धरलं. "तिकडचं धरा जरा… अजून ताणा… हां, बस." टेप ताठ झाली. तिने आकडा वाचला आणि म्हणाली, "सोडा आता."

"काय सोडू?"

आवाज पाठीमागून आला. हृषिकेश फाटकापाशी होता, बादली भरत. शेपटीकडे कोणीच नव्हतं. टेप अजून ताठ होती… आणि मग हळूच, अगदी समजुतीने, सैल पडली.

कौमुदी ओरडली नाही. तिने टेप गुंडाळली.  आधारासाठी हात घोडीच्या पाठीवर टेकवले आणि बोटांना काहीतरी लागलं. पाठीच्या उंचवट्यावरची लव घासून गेली होती, कातडी उघडी पडली होती. दोन्ही खांद्यांवरही तसंच.

"बघा इकडे," ती हळू म्हणाली. "झूल मोठी, म्हणून मागे घसरते. घसरली की सगळा भार इथे. गवत खायला मान खाली घातली की खांद्यांना ओढ. ही रात्रभर टोचत असणार बिचारीला."

"म्हणजे…?"

"म्हणजे कोणी त्रास देत नाहीये तुम्हाला. तिला टोचतंय म्हणून काढतंय कोणीतरी."

तो त्या रिकाम्या जागेकडे वळला. "म्हणजे ओमा बरोबर आणि मी चूक?"

"गेनाऊ. अगदी बरोबर."

"जिवंत होती तेव्हाही असंच असायचं," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात भीतीपेक्षा आठवण जास्त होती. कौमुदीने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. पापण्यांवर धुक्याचे थेंब होते. धुक्याचेच असतील…

त्या आठवड्यात ती पुन्हा गेली, मलम द्यायला. मग आणखी एकदा, मलम लागू पडलं का ते पाहायला. दोघांचं 'तुम्ही' त्या चिखलवाटेवर कुठेतरी गळून पडलं. ते उचलायला कोणी मागे वळलं नाही.

---

नवी झूल शनिवारी आली. कौमुदीने निवडून मागवलेली. अंगाबरोबर बसणारी, वजनाला हलकी, आतला दमटपणा बाहेर सोडणारी. खांद्यांपाशी कळी घातलेली, म्हणजे पाऊल टाकताना कापड ओढलं जात नाही. गळा उंचवट्याच्या पुढे चढलेला. दिवेलागणीला दोघं कुरणावर उभे राहिले.

"थांब, अशी नाही घालायची." तिने पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि झुलीच्या कोपऱ्याला बोट टेकवलं. "नवं कापड आहे." तिने झूल लिझेलच्या पाठीवर चढवली आणि छातीची बकलं लावली.

"मग माझ्या पद्धतीनेही होऊ दे," तो म्हणाला. "गाऱ्हाणं घालतो. प्रत्येक वाक्याला तू 'व्हय म्हाराजा' म्हणायचं."

"इथे? जर्मनीत?"

"तिला माझं मराठी कळायचं. निदान रागावलेलं तरी."

त्याने चप्पल काढावी तसे बूट काढले, ओल्या गवतात मोजे भिजवत उभा राहिला आणि रिकाम्या जागेसमोर हात जोडले. सुरुवातीला थट्टा होती त्याच्या आवाजात. पहिल्याच वाक्याला ती विरून गेली.

"हे ओमा म्हाराजा! आज तुझ्या घोडीच्या अंगावर जी काय झूल घालतोय, ती टोचू देऊ नको, ओढू देऊ नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा…" कौमुदी पुटपुटली.

"लिझेल तुझ्याच कुरणावर राहू दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ही जी काय कौमुदी… दर वेळी शेवटच्या बसमागे धावते…" तो अडखळला. "तिला एक दिवस ती बस गाठावीशीच वाटू नये, म्हाराजा."

कौमुदीचे ओठ उघडले… आणि तसेच राहिले. कुरणावर पानही हलत नव्हतं. लिझेलचे कान ताठ झाले.

आणि फाटकाची कडी वाजली. एकदाच. स्पष्ट.

"हे मी नाही म्हटलं हं!" कौमुदी कशीबशी म्हणाली, आणि बस गाठायला अशी पळाली की डबी त्याच्याच हातात राहिली.

---

रविवारी सकाळी देवापुढे फूल वाहताना तिचा हात हवेतच राहिला. मागच्या पायांचे पट्टे! ते एकमेकांत ओवून अडकवायचे असतात. तसे नाही केले तर मांड्यांना घासतात, वाऱ्याने झूल उलटते, घोडं त्यात गुरफटतं. गडबडीत तिने ते नुसतेच लोंबते सोडले होते. तिने फूल वाहिलं, क्षमा मागितली आणि धावतच सुटली.

कुरणावर पोचली तेव्हा ब्रिगिटेची गाडी दाराशी उभी होती.

झूल लिझेलच्या अंगावरच होती. सरळ, एक चुणी नाही. ब्रिगिटे, उंच, कडक चेहऱ्याची बाई, झुलीखाली हात घालून उभी होती. हात बाहेर काढून तिने तळवा निरखला. "कोरडी," ती म्हणाली. "आणि ऊबदार." मग वाकून मागच्या पायांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा मऊ झाला. "पट्टे असे ओवायला तुम्हाला कोणी शिकवलं? डावा आधी, उजवा त्यातून. आग्नेस मावशी असेच ओवायची. उजव्या पायाला लिझेलला गुदगुल्या होतात ना…"

हृषिकेशने कौमुदीकडे पाहिलं. कौमुदीने त्याच्याकडे. 

"जाऊ दे," ब्रिगिटे म्हणाली, तोंड फिरवून डोळे टिपत. "राहू दे तिला इथे. तुम्ही सांभाळा."

गाडी धुक्यात शिरली, दिवे विरले. तो आत जाऊन कॉफी घेऊन आला, दोन वाफाळते कप, दोन हातांत.

"पट्टे तू ओवलेस ना?" तिने विचारलं.

"मला ते असतात हेच माहीत नव्हतं."

लिझेल डोळे मिटून, ओठ लोंबवून उभी होती, त्या जागेकडे तोंड करून.

"नेकारसुल्मला नाही म्हणून कळवतो उद्या," तो म्हणाला.

"घोडीसाठी?"

"घोडीसाठी पण."

"पण?"

"कौमुदी… काल कडी वाजली ती वाजली. तू काहीच बोलली नाहीस."

 गळ्यातली लोकरीची शाल तिने डोक्यावरून घेतली, ओल्या गवतातून त्या रिकाम्या जागेपाशी गेली, खाली वाकली, हात जमिनीला लावून कपाळाला टेकवला.

"हे काय करतेस?"

"सासरच्या मोठ्या माणसांना आधी नमस्कार करायचा असतो," ती म्हणाली. इतक्या हळू की धुक्यालाच सांगितल्यासारखं.

 ती अजून वाकलेलीच असताना, शालीवरून डोक्यावर एक हात टेकला. हलका, ऊबदार, जरासा खरखरीत. क्षणभर राहिला आणि निघून गेला. कौमुदीचे डोळे भरून आले.

"आता आशीर्वाद पण तूच देतोस का?" ती उठत म्हणाली. "डोक्यावर हात कसला ठेवतोस?"

"हात?" हृषिकेश होता तिथेच, चार पावलं दूर उभा होता. त्याने दोन्ही कप वर करून दाखवले. "हात कुठे मोकळे आहेत माझे?"

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. ती मागे वळून पाहणार होती… पण नाही पाहिलं. चालत त्याच्यापाशी आली, एक कप आपल्याकडे घेतला आणि त्याचा तेवढा हात मोकळा केला.