टाळलेले रस्ते

रुग्णवाहिका वेळेत पोहोचली होती, पण दुसऱ्याच शाळा रस्त्यावर. शहरात त्या नावाचे दोन रस्ते. नदीपलीकडच्या रस्त्यावर शिंप्याची बायको तोवर गेली.

गाड्या पाठवणारं सॉफ्टवेअर ज्या कचेरीत बनलं, तिथे चौकशीसाठी बाईंना बोलावलं. निवृत्तीआधी त्या इथेच होत्या. तेव्हा चुकांवरून कडाक्याची भांडणं व्हायची आणि मग सगळे एकाच किटलीतला चहा प्यायचे. आता जो तो कानांवर हेडफोन चढवून बसला होता.

"धाकटीचं काम," कोपऱ्यात बसलेल्या, कचेरीतल्या सर्वांत तरुण मुलीकडे बोट दाखवत साहेब म्हणाले. "आजच घरी पाठवतो. अहवालावर तुमची सही तेवढी हवी."

खिडकीत मातीचं गाढव होतं.

"हे काय?"

"गंमत हो! ज्याची चूक सापडेल, त्याच्या टेबलावर आठवडाभर. हल्ली जागचं हलत नाही. चुकाच होत नाहीत!"

बाई हसल्या नाहीत.

धाकटीचे डोळे सुजले होते. "एकाच नावाचे दोन रस्ते असले तर 'कोणता?' असं विचारायला हवं. ते मी लिहायचं विसरले. पण तपासणी काकांची होती. त्यांनी पास केलं, मी निर्धास्त झाले."

काका म्हणजे बाईंचे जुने सोबती.

"कोणकोणते रस्ते तपासलेत?" बाईंनी त्यांना विचारलं.

"सगळ्या भागांतले. शेकड्यांनी."

"शाळा रस्ता?"

"राहिला असेल."

"मंडई रस्ता? टेकडी रस्ता? तेही दोन-दोन आहेत."

काका चष्मा पुसत बसले.

बाईंनी तपासणीची यादी चाळली आणि तिघांना समोर बसवलं.

"असे जुळे रस्ते शहरात ढीगभर आहेत. डोळे मिटून निवडले असते, तरी एखादा आलाच असता. काकांच्या तपासणीत एकही नाही. खड्डा माहीत असल्याशिवाय इतका नेमका वळसा घालता येत नाही. काका, चूक तुम्हाला सापडली होती."

"सापडली होती," काका म्हणाले. "मागच्या खेपेला गाढव ठेवलं, तेव्हा ही पोरगी जिन्यात बसून रडली. म्हटलं, गुपचूप आपणच दुरुस्त करू. राहून गेलं."

"म्हणजे गुन्हेगार हे!" साहेब उसळले.

"लपवलं यांनी. लपवायला लावलंत तुम्ही. मी अहवालात दोन्ही नावं लिहिणार. तो वरिष्ठांकडे गेल्यावर तुमचं खोडतील, तेही मला ठाऊक आहे."

धाकटी काकांकडे वळली. "काका, माझ्या आणखी किती चुका लपवल्यात?"

काकांनी बराच वेळ आठवून पाहिलं.

"सगळ्या नाही गं आठवत."

भिंतीवरच्या पडद्यावर, शहराच्या नकाशात, एक रुग्णवाहिका नुकतीच निघाली होती.