मैनाच्या बशा

पुन्हा मेल्या! लीलाबाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. कोंबडीच्या गर्भातल्या पेशी काचेच्या बशीला चिकटल्या तरच वाढतात. या सगळ्या सुटून तरंगत होत्या. चौथी खेप वाया.

१९६४ साली अकोल्याच्या त्या कॉलेजात मिरवण्यासारखं एकच होतं, लीलाबाईंनी बनवलेलं यंत्र. धुतलेल्या बशा काचेच्या हंडीत ठेवायच्या, हवा खेचून घ्यायची, वीज सोडायची. आत जांभळा उजेड पेटतो, त्याला प्लाझ्मा म्हणतात. बोटांचे ठसे, डोळ्यांना न दिसणारा तेलकटपणा, सारं जळून जातं.

तरी पेशी मरत होत्या, आणि त्याही फक्त मैनाने धुतलेल्या बशांत. नत्थुजी शिपायाच्या बशांत मात्र मजेत वाढत. आता बोला!

प्राचार्यांनी फर्मावलं, शनिवारपर्यंत कारण सापडलं नाही तर मैनाला काढा. मैना विधवा, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात राहणारी, छप्पन साली बौद्ध झालेली. लेक ललिता मॅट्रिकला. नोकरी गेली की पोरीची शाळा सुटणार. तिच्यासाठी भांडले ते एकटे खुशालराव, संशोधनाचे प्रमुख. लीलाबाईंना शिकवलं तेही त्यांनीच.

लीलाबाईंना आरोप पटेना. मैनाच्या हाताला काही लागलेलं असलं तरी हंडीत ते जळणारच. बिघाड हंडीनंतरचा होता.

हंडीतून काढलेली तबकं मोठ्या खोलीत राहत. मैनाचं खिडकीशी, नत्थुजीचं दाराशी. दोघांनाही अक्षरओळख नाही, ते जागेवरून ओळखत. शिकलेल्यांसाठी वर नावाची चिठ्ठी असे.

"मैनाबाई, बशा कशाने धुता?"

"सोड्यानं. मंग वाफेच्या पाण्यानं, तुमी सांगतलं तसं."

"कोणावर वहीम?"

"नाई, बाई," ती घाईने म्हणाली. डोळे मात्र जमिनीवर.

नत्थुजी तर उसळलाच. "मी? बाप्पा! मी तं तिच्या तबकाजोळूनबी जात नाई. घ्या माह्यं नाव, गरिबाचीच मान सापडते!"

लीलाबाईंनी मेलेल्या खेपेची बशी उजेडात धरली. काठाशी वाळलेल्या थेंबाचं पांढरं कडं होतं. वाफ थंड करून मिळवलेल्या शुद्ध पाण्याचा डाग पडत नाही. हे विहिरीचं खारं पाणी, त्याच्या क्षारांवर पेशी चिकटत नाहीत.

गुरुवारी हंडीतून तबकं काढल्यावर त्यांनी कोणाला न सांगता चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. तबकं जागच्या जागी ठेवली.

शनिवारी सकाळी त्यांनी मैना, नत्थुजी आणि खुशालराव अशा तिघांना बोलावलं.

"या खेपेला पेशी मेल्या त्या दाराशी ठेवलेल्या बशांतल्या. त्या नत्थुजीने धुतल्या होत्या."

"पाह्यलं?" नत्थुजी ओरडला. "मले फसवून राहिले!"

"नाही. त्या तबकावर मैनाबाईंच्या नावाची चिठ्ठी होती. कोणीतरी नाव वाचून विहिरीचं पाणी शिंपडलं. तुम्ही दोघं वाचत नाही, तुम्ही खिडकीकडे गेला असता. या खोलीत येणाऱ्यांत वाचणारे आपण दोघंच, सर. आणि मी ते केलेलं नाही."

खुशालराव खुर्चीत बसले.

"एकेका बशीत एकच थेंब, लीला. घरच्या तांब्यातला. तिचा हात लागलेलं शुद्ध करायला. आई करायची. वाटलं, वाळून जाईल."

"आणि पेशी मेल्या तेव्हा?"

"तेव्हा वाटलं, एका थेंबानं भागत नाही. मग दोन टाकले."

लीलाबाईंना रडू आवरेना. पुराव्याशिवाय काही मानू नकोस, हे त्यांना याच माणसाने शिकवलं होतं! त्यांनी डोळे पुसले.

"तुमची नोकरी कुठे जात नाही, मैनाबाई. पण तुम्ही हे पाहिलं होतं?"

"हाव."

"मग सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? मले काढू नका म्हणून भांडणारे एकटे हेच व्हते."

खुशालरावांनी हात जोडले. "माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नव्हतं गं, मैना."

"मनात नव्हतं, तं हातात कुठून आलं, सायेब?"

ती उत्तरासाठी थांबली.