चौदावं विमान

ग्लास खाली ठेवा, पोरांनो, आणि ते मोबाइल उलटे पडू देत. परवा ज्या दगडावर बसून बिअर ढोसत होतात ना, त्या दगडाचं सांगतो. आपल्या सिरिल मम्बीच्या बाबतीत घडलेलं. त्यानं मला याच टेबलावर सांगितलं, आणि सिरिल थापा मारणाऱ्यांतला नव्हे. पन्नास वर्षं त्यानं ट्रॅक्टर दुरुस्त केलेत.

गेल्या वर्षी, सतरा मार्चची रात्र. पावणेअकरा. सिरिल व्हॅन घेऊन जुन्या धावपट्टीवर गेला होता. काम साधंच, नव्या स्मृतिशिळेवर कापड टाकून यायचं. सकाळी दहाला अनावरण. विमानतळ म्हणून आता तिथं उरलंय काय? काँक्रीटचा एक तुकडा, आणि पुढं सगळं बिटाचं शेत. नुकतंच पेरलेलं.

टॉर्चच्या उजेडात त्यानं शिळा वाचली. सात नावं. खाली कोरलेलं, 'समुद्रात बेपत्ता.'

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सिरिलची आई एनिड लढाईच्या दिवसांत इथल्याच विमानतळाच्या मनोऱ्यात कामाला होती. बॉम्बर निघाले की सारा गाव अंथरुणात पडून ते मोजायचा, आणि पहाटे परतताना पुन्हा मोजायचा. पंचेचाळीसच्या सतरा मार्चला चौदा गेले. तेरा उतरले. मग आणखी एक आवाज आला. आठवड्यापूर्वी एक जर्मन विमान असंच आपल्यांच्या मागून लपत आलं होतं, म्हणून अधिकारी घाबरला. एनिडला म्हणाला, "धावपट्टीचे दिवे घालव."

एनिड म्हणाली, "साहेब, आपलंच आहे. एक इंजिन बंद पडलंय, म्हणून आवाज तसा येतोय."

"घालव म्हणतो ना!"

तिनं खटका ओढला. विमानानं अंधारात तीन घिरट्या घातल्या आणि ते समुद्राकडं गेलं. कायमचं. मरेपर्यंत ती बाई अंधारात झोपली नाही.

सिरिलनं हे सगळं स्मारकाच्या समितीला लिहून दिलं होतं. समितीचे मेजर हॅवरली म्हणाले, त्या अधिकाऱ्याची नातवंडं येणार आहेत, चहा-केक ठेवलाय, कशाला उकरायचं? कशाला उकरायचं! सात पोरं, तुमच्याच वयाची, घराच्या डोक्यावर येऊन मेली, आणि यांना केकची काळजी.

सिरिलनं कापड चिखलात भिरकावलं. व्हॅनचं तोंड शेताकडं वळवलं आणि पुढचे दिवे पूर्ण लावले. मग तिथंच उभा राहिला.

अकरा वाजून दहा मिनिटं. फोन वाजला. मेजर.

"सिरिल, ते दिवे तुझे का? थेट माझ्या खिडकीत येतायत. बंद कर."

"नाही करत."

"वेड लागलं का? गाव झोपलाय."

"झोपू दे. ऐंशी वर्षं झोपलेलाच आहे."

"मी सांगतोय, बंद कर!"

"आमच्या घरानं एकदा बंद केले तेवढे पुरे. तुला घालवायचेत ना? ये इथं, आणि तुझ्या हातानं घालव."

मेजरांना आयुष्यात कुणी 'तू' म्हटलं नव्हतं. सिरिलनं फोन ठेवला.

आणि मग... समुद्राकडून...

घरघर. अडखळती. तीन चालू, एक बंद. इंजिनांतच जन्म गेलेला माणूस. चुकणार कसा?

डोक्यावरून गेलं. वर काही नाही. नुसत्या चांदण्या.

पुन्हा आलं.

व्हॅनचे दिवे पिवळे पडायला लागले. बॅटरी उतरत होती. सिरिल धावला. किल्ली फिरवली. नाही. पुन्हा. नाही... "सुरू हो ना, भवाने!" पुन्हा...

सुरू झाली. दिवे भक्कन वाढले.

तिसऱ्यांदा. खाली... आणखी खाली...

वाऱ्याच्या झोतानं तो पालथा पडला. तोंडात माती.

मग... काहीच नाही.

मग बुटांचा आवाज. अगदी कानाजवळून. कुणीतरी चालत गेलं. मागून आणखी कुणी. मान वर करायची हिंमत नव्हती. त्यानं पडल्या पडल्या मोजले. चार... पाच... सहा...

सात.



सकाळी मेजर आले, नातवंडं आली, सारा गाव आला. बिटाच्या शेतात चाकांच्या दोन रुंद खुणा. गुडघाभर खोल. मेजर ओरडले, "कुठल्या गाढवानं ट्रॅक्टर घातला इथं?"

सिरिल एवढंच म्हणाला, "जा, कुठून आला ते बघून या."

मेजर गेले. आम्ही सगळेच गेलो. फाटकापासून खुणा नव्हत्या. बांधापासून नव्हत्या. भर शेताच्या मध्यावर त्या एकाएकी सुरू होत होत्या, आणि शिळेपाशी येऊन थांबल्या होत्या.

परत गेलेल्या नव्हत्या.