फेनाच्या श्वासावर भरती

वाऱ्याविरुद्ध सायकल हाकणाऱ्या माणसाच्या वाटेला जाऊ नये, हे नेदरलँड्सच्या किनाऱ्यावरच्या हार्लिंगनमध्ये शेंबड्या पोरालाही कळतं. येल्मरलाही कळायला हवं होतं, तो तिथलाच. पण त्याचे दोन्ही डोळे हातातल्या छोट्या पडद्यावर खिळलेले, आणि त्याचा ड्रोन समुद्राच्या बांधावर इतका खाली उतरला की चरणाऱ्या मेंढ्या बिथरल्या आणि सगळ्याच्या सगळ्या फाटकाशी येऊन थटल्या. फाटकापलीकडे फेना सायकल धरून उभी. पाठीवर व्हायोलिनची पेटी, वाऱ्यानं नाक लालबुंद, आणि सकाळच्या सरावाला उशीर झालेला.

"अहो, हे भुणभुणणारं तुमचंच का?"

"हो... म्हणजे, सॉरी हं! भरतीचं पाणी चिखलात शिरतंय ना, तेवढं टिपत होतो."

"आणि मी काय करू? मेंढ्यांना रांगेत उभं करू?"

"तुमचं ऐकतील त्या," तो हळूच म्हणाला. "मी तर घाबरलो."

हसू येत होतं, पण अशा वेळी हसलं तर रागाची सगळी मेहनत वाया जाते. तिने तोंड आणखी फुगवलं. येल्मरने हातातलं यंत्र खाली ठेवलं, गुडघ्याने मेंढ्या बाजूला सारल्या आणि दोन्ही हातांनी फाटक उघडून धरलं. तेवढ्यात मागे त्याचा ड्रोन गवतात उलटा पडला. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. फेनाने मात्र पुढे गेल्यावर वळून पाहिलं... का, ते तिला कुणी विचारलं असतं तर तिने नक्की वाऱ्यावर ढकललं असतं.

दुपारी जुन्या चर्चमध्ये ती पेटी उघडते तर काय, समोर शिडीवर चढून मोठा पडदा ताणणारा तोच!

"मेंढ्यावाला!" तिच्या तोंडून निघून गेलं. सगळा वाद्यवृंद हसला, आणि येल्मरला त्या दिवसापासून तेच नाव पडलं.

कार्यक्रमच तसा होता. खाली तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत, तेही त्या काळच्या तातीच्या, आतड्यापासून वळलेल्या तारांवर, आणि वर पडद्यावर आकाशातून दिसणारं फ्रीसलंड... कालवे, कुरणं, ओहोटीला उघडा पडलेला समुद्राचा तळ, त्यावर पहुडलेले सील प्राणी. चित्रण येल्मरचं. अशा जुन्या धाटणीच्या वाद्यवृंदाला काठी हलवणारा कुणी नसतो. पहिल्या व्हायोलिनने श्वास घेतला की सगळ्यांनी उचलायचं. त्या खुर्चीत फेना आयुष्यात पहिल्यांदा बसणार होती, आणि त्या विचाराने तिला आठवडाभर धड जेवण गेलं नव्हतं.

पहिल्याच तालमीत फजिती झाली. फिल्म एका ध्वनिमुद्रणावर बेतलेली. पण माणसं काय रोज सारखी वाजवतात? हवा दमट झाली की तातीच्या तारा रुसतात. दगडी भिंतींत सूर विरायला वेळ लागतो, तोवर पुढचा सूर थांबवून धरावा लागतो. फिल्म पुढे पळाली, संगीत मागे राहिलं आणि ऐन शोकाच्या सुरावटीत एक गलेलठ्ठ सील पोटावरून घसरत पाण्यात पडला. चेलोवाले सीब्रेनआजोबा हसून हसून खोकायला लागले.

व्यवस्थापक योकेबाईंना मात्र हसू आलं नाही. "सगळ्यांच्या कानात टिकटिक बसवते. यंत्राच्या ठोक्यावर वाजवा, म्हणजे प्रश्नच मिटला."

फेनाचा चेहरा उतरला. "बाई, कानात टिकटिक असली तर मी श्वास कशावर घेऊ? मला नाही जमणार. मग या खुर्चीत दुसरं कुणी बसवा."

"बसवीन," योकेबाई म्हणाल्या. त्या दुष्ट नव्हत्या, पण पाच गावांची तिकिटं विकून बसल्या होत्या.

कॉफीच्या वेळी फेना खांबाला टेकून एकटीच उभी होती. डोळे भरून आले होते, आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती छत बघत होती. येल्मरने आपल्या बशीतलं बिस्कीट तिच्या बशीत ठेवलं. त्या मुलखात एका कपाबरोबर एकच बिस्कीट मिळतं आणि लगेच डबा बंद होतो. तेव्हा ही गोष्ट काही साधी नव्हती.

"लाच आहे का?" तिने विचारलं.

"सकाळच्या मेंढ्यांची भरपाई." मग तो जरा घुटमळला. "मी काय म्हणतो... चित्रानेच थांबलं तर? मी फिल्मचे तुकडे करतो. तुझ्या शेजारी बसतो. तू श्वास घेतलास की पुढचा तुकडा सोडायचा."

"माझा श्वास तुला ऐकू येईल?"

"बांधावर तर अख्ख्या कळपाला ऐकू आला."

या वेळी मात्र तिला हसू आवरलं नाही. योकेबाईंनी भुवया उंचावल्या, सुस्कारा सोडला आणि एका प्रयोगाची मुदत दिली. चुकलं, तर टिकटिक.

मग रोज येल्मर तिच्या डाव्या हाताला, हार्प्सिकॉर्डच्या, त्या पियानोसारख्या जुन्या वाद्याच्या आडोशाला स्टूल टाकून बसू लागला. बोट तुकडा सोडायच्या बटणावर, डोळे तिच्यावर. हळूहळू तो तरबेज झाला. एकदा तिने पेटी उघडता उघडताच त्याने विचारलं, "आज आईशी भांडलीस?"

"तुला कुणी सांगितलं?"

"श्वास तोकडा आहे."

"इतकं कुणी बघतं का रे?" ती लटक्या रागाने म्हणाली.

"माझं कामच आहे ते."

"कामच?"

येल्मरने वायर तपासायला मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले होते. फेनाला आवडलं ते, फार आवडलं, आणि भीतीही वाटली. आपला श्वास कुणी ओळखू लागलं की लपवायला मग उरतं काय?

प्रयोगाच्या दिवशी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कालवे तिच्या गजाबरोबर वळले. बगळे तिच्या सुरावर उडाले. सील पाण्यात शिरला तो नेमका आनंदाच्या जागी, आणि लोक प्रेमाने हसले. आता शेवटची संथ रचना. भरतीचं पाणी चिखलाच्या रेषारेषांतून आत शिरत शिरत सगळीकडे पसरलं, रुपेरी झालं... फेनाने श्वास घेतला.

चित्र बदललंच नाही.

पुढे बंदर दिसायला हवं होतं आणि त्यावर अखेरची सुरावट उचलायची होती. पडद्यावर पाणी होतं तिथेच थबकलेलं. गेली खुर्ची! तिने हातातला सूर सोडला नाही. गज बारीक, आणखी बारीक ओढत राहिली. सीब्रेनआजोबांनी खालून आपला सूर धरून ठेवला. तिने डावीकडे पाहिलं. येल्मर तिच्याकडे बघत होता. नुसता बघत होता, बोट बटणावर तसंच, जणू चर्च नाही, माणसं नाहीत, फिल्मही नाही. तिची सगळी भीती कुठल्या कुठे गेली. ती हसली, आणि तिने पुन्हा एकदा, त्याच्यासाठी, श्वास घेतला.

तो दचकला. बंदर उजळलं. सगळी वाद्यं एकदम वर चढली.

शेवटचा सूर विरला. मग अख्खं चर्च उठून उभं राहिलं.

पडद्यामागे येल्मर अपराध्यासारखा उभा होता. फेना गज पुसत होती, उगीचच परत परत. योकेबाई डोळे टिपत आल्या.

"ते शेवटचं थांबणं! माझ्या अंगावर काटा आला. आता प्रत्येक गावात हवं, अगदी तस्सं. कधी ठरवलंत रे हे?"

"बाई, ते... ठरवलं नव्हतं," येल्मर चाचरला. "मी विसरलो. चुकलो मी."

"विसरलास? बरं, मग उद्यापासून आठवणीने विसर."

"नाही जमणार. ते मुद्दाम होत नाही."

"का नाही होत?"

येल्मरने एकदा जमिनीकडे पाहिलं, एकदा फेनाकडे. "मी... हिच्याकडे बघत राहिलो. काम म्हणून नव्हे, बाई."

फेनाच्या हातातलं फडकं थांबलं. आवाज निघाला तो स्वच्छ.

"जमेल त्याला, योकेबाई. तो रोज बघेल माझ्याकडे. मी सांगितलंय त्याला."

"कधी सांगितलंस?" येल्मरने विचारलं.

"आत्ता."