आडवी पेंढी

त्या दिवशी मी तळ्यावर गेले ती फक्त सार पोचवायला. बीटाचं आंबट सार, दोन उकडलेली अंडी आणि कागदाच्या पुडीत मीठ. माझा नवरा हिरोनिम सकाळपासून बर्फावर होता, आणि भूक लागली की त्याचं डोकं चालत नाही हे बत्तीस वर्षांच्या संसारात मी पाठ केलंय. फेब्रुवारी महिना, दुपारचा एक वाजलेला. भुताखेतांची वेळ नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.

आमचं ओल्शा तळं लहानसं. या काठावर हाक मारली की त्या काठावरचा कुत्रा भुंकतो. हिवाळ्यात ते गोठतं, वर हिम साचतं, आणि हिमाचा थर हातभर झाला की खाली उजेड पोचत नाही. पाण्यातलं गवत मरतं, मग मासे गुदमरतात. एका वर्षी आम्ही आळस केला, तर एप्रिलमध्ये काठाला पांढऱ्या पोटांचा खच पडला होता. म्हणून हिम झाडून पट्टे मोकळे करायचे, पहारीने भोकं पाडायची आणि प्रत्येक भोकात वाळक्या बोरूची पेंढी उभी रोवायची. बोरू पोकळ, त्यातून हवा खाली उतरते आणि भोकही बुजत नाही.

आणखी एक नियम आहे. पेंढी उभी असली तर बर्फ पक्का, खुशाल चाला. तळ्याच्या मधोमध मात्र खालून झरा उसळतो. तिथला बर्फ वरून तसाच दिसतो, पण असतो पातळ. तिथे पेंढी आडवी ठेवायची. आमच्याकडे पोरांना अक्षरांआधी हे शिकवतात.

ही सगळी विद्या तळ्यावरच्या सगळ्यात जुन्या माणसाची, बाझिलीकाकांची. ते पेंढी बांधायचे काठावरच्या विलो झाडाच्या सालीने, तीन वेढे देऊन, टोक आत खोचून. आम्ही निळी नायलॉनची दोरी आणली तेव्हा म्हातारा हिरोनिमला म्हणाला, "बांध बाबा, बांध. उद्या मासेही प्लॅस्टिकचेच येतील."

त्या दिवसाच्या दोन वर्षं आधी हिरोनिमने झऱ्यावर पेंढी उभी रोवली. अंधारून आलं होतं, घाई होती, झरा वीस पावलं पलीकडे आहे असं त्याला वाटलं. भोक जरा लवकरच पडलं, तेव्हाच कळायला हवं होतं, असं तो अजून म्हणतो. दुसऱ्या दिवशी बाझिलीकाका आले. डोळ्यांत मोतीबिंदू, ते पेंढ्यांच्या भरवशावरच चालायचे. उभी पेंढी दिसली आणि ते सरळ तिकडे गेले. एप्रिलमध्ये सापडले.

गावाने हिरोनिमला बोल लावला नाही. त्याने स्वतःच हाय खाल्ली. त्याची झोप गेली, आणि तो बर्फावर कुणाला बरोबर घेईना. "एकाचा जीव घेतला तेवढा पुरे," म्हणायचा. मला झऱ्याची भीती नव्हती. हा माणूस एक दिवस आपल्या पायांनी तिकडे चालत जाईल, ही भीती होती. सार हे निमित्त. खरं म्हणजे मी रोज त्याला बघायला जायचे.

काठावर पोचले तेव्हा ऊन होतं आणि दूरवर त्याची लाल टोपी दिसत होती. मी बर्फावर उतरले, वीसेक पावलं गेले असेन, आणि धुकं आलं. बघता बघता माझे बूटसुद्धा दिसेनासे झाले.

"हिरोनिम, सार आणलंय."

मग समोर कुठेतरी बर्फ कडकडला. लांबलचक आवाज, माझ्या पायाखालून निघून गेलेला.

"पोला..." त्याचा आवाज अगदी बारीक आला. "येऊ नकोस."

मी निळ्या दोरीच्या पेंढ्या चाचपत निघाले. एकीकडून दुसरीकडे, अशा सात झाल्या. आठवी नव्हतीच. मी त्याला हाका मारल्या, पण आता तो बोलेना. एक पाऊल इकडे की तिकडे, काही कळेना. रडू आलं.

तेवढ्यात डावीकडून आवाज आला. ठक, ठक... ठक.

पहारीचा आवाज. माझ्या नवऱ्याच्या हाताची लय मला ठाऊक आहे, ही ती नव्हती. दोन ठोके, मग थांबायचं, मग एक. बाझिलीकाकांचा डावा हात अधू होता, ते असेच घाव घालायचे.

मी तिकडे वळले. तिथे एक पेंढी उभी होती. हात लावला तर दोरी नाही, साल. तीन वेढे. ताज्या कापलेल्या विलोचा कडसर वास आला.

"काका...?"

ठोके थांबले. मग पुन्हा, थोडं पुढे. ठक, ठक... ठक.

माझी पाचावर धारण बसली होती. पण त्या वेळी प्रत्यक्ष सैतानाने वाट दाखवली असती तरी मी त्याच्या मागे गेले असते. ठोका ऐकायचा, पुढे जायचं, की पेंढी हाताला लागायची. वाट सरळ नव्हती, मोठा वळसा होता. अशा दहा पेंढ्या झाल्या. अकरावी पायाला लागली. ती आडवी होती.

मी तिथेच पालथी झोपले. हात लांब केला तर ओली लोकर लागली. हिरोनिमचा कोट. तो छातीपर्यंत पाण्यात होता, भोकावर पहार आडवी टाकून तिला धरून. मी शाल त्याच्या काखेतून घातली.

"सोड मला, पोला."

"गप्प बस. सार थंड होतंय."

मी ओढलं. माझ्या ताकदीने तो निघाला नसता, हे मला माहीत आहे. पण तो वर आला, एकदम, हलका होऊन, जणू खालून कुणी खांदा दिला.

"पायांना धरलं होतं," तो दात वाजवत पुटपुटला. "मला वाटलं, खाली ओढतायत... ते वर ढकलत होते."

कोण, ते मी विचारलं नाही. त्याच पेंढ्या चाचपत आम्ही रांगत परतलो. काठ लागला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

घरी चुलीपाशी त्याने सगळं सार संपवलं. "मुद्दाम गेलो नव्हतो," म्हणाला. "धुक्यात चुकलो." मग झोपला तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी त्याचं घोरणं ऐकत बसले आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. तेव्हापासून त्याची झोप परत आली.

त्या वर्षी एकही मासा मेला नाही. एप्रिलमध्ये बर्फ वितळला आणि पेंढ्या तरंगत काठाला लागल्या. निळ्या आमच्या. सालीच्या दहा. विलोची साल झाडात रस चढला की मे महिन्यात सुटते, फेब्रुवारीत सोलायला गेलात तर तुकडे पडतात. या दहांची साल अखंड होती. हिरोनिमने त्या नीट वाळवून कोठारात टांगल्या. आडवी पेंढी काही सापडली नाही.

याला चार वर्षं झाली. आता आम्ही दोघं मिळून बर्फावर जातो. झऱ्यावर पेंढी ठेवायचं काम मात्र आम्हाला कधी पडत नाही. तळं गोठल्यावर पहिल्या दिवशी आम्ही पोचतो, हिमावर कुणाचं पाऊल नसतं, आणि ती तिथे आडवी ठेवलेली असते, हिरव्या सालीची. हिरोनिम टोपी काढतो. मग आम्ही वळसा घालून कामाला लागतो.