कोत्सुबाची हजेरी

जनरेटर बंद पडलाय तर पडू दे. फोन खिशात ठेवा, तळघराच्या त्या फटीतून उजेड बाहेर जातो. चहा उरलाय का? ओत मग. आणि झेनिक, मघाशी तू विचारलंस ना, हजेरीला पहिलं नाव आपण मेलेल्या माणसाचं का घेतो? वर हसलासही. हस, बाबा. लाव्रीनही हसला होता.

लाव्रीन होर्दियचुक. तुमच्या आधीचा आपल्या कंपनीचा हवालदार. त्याच्या तोंडून ऐकलंय, आणि त्या रात्री गाडी माझ्या हातात होती, म्हणून सांगतो.

आपली ब्रिगेड म्हणजे जुनी सोव्हिएत पायदळाची डिव्हिजन. ब्याण्णवच्या जानेवारीत आम्ही त्याच मैदानात, त्याच बुटांत उभे राहिलो आणि युक्रेनची शपथ घेतली. डिव्हिजन आटून ब्रिगेड झाली, झेंडा बदलला, टोपीवरचा तारा गेला. राहिला तो कोत्सुबा. सार्जंट यारेमा कोत्सुबा, चेरकासीकडचं पोर. त्रेचाळीस साली निप्रो नदी ओलांडून पलीकडच्या वाळूत एकटा उरला. गोळ्या संपल्या तेव्हा खंदक खणायच्या फावड्यानं लढला. प्रेत मिळालंच नाही. तेव्हापासून कंपनीच्या वहीत त्याचं नाव कायमचं. बराकीत पहिली खाट त्याची. रोज चादर ताणायची, झोपायचं कुणी नाही. रात्रीच्या हजेरीला पहिली हाक त्याला, आणि रांगेत उजवीकडे जो पहिला असेल त्यानं त्याच्या वतीनं सांगायचं, "रणात पडला." सत्तर वर्षं कुणी ना कुणी सांगत आलं. पोरवयात दोन वर्षं लाव्रीननंही सांगितलं.

मग सोव्हिएत काळातलं सगळं पुसायचं साल आलं. रस्त्यांची नावं बदलली, पुतळे उतरले. कोत्सुबाचं नाव काढा असं कुणी सांगितलं नव्हतं. लाव्रीननं आपणहून पट्टी धरली आणि नावावर रेघ मारली. खाट शेडमध्ये टाकली.

मी म्हटलं, "अरे, तो आपल्याच मातीतला. मॉस्को त्यानं बघितलंही नसेल."

"यूहिम, मेलेल्याची कसली रे हजेरी? इथे जित्या पोरांना खाटा पुरेनात!"

बरोबरच बोलत होता, असं तेव्हा वाटलं.

बावीस सालचा नोव्हेंबर. सतरा तारीख, गुरुवार. पुढच्या खंदकात आपले तिघे होते: ओखरीम, तादेय आणि डेमको. डेमको लाव्रीनचा सख्खा भाचा. डोळ्यांसमोर राहील म्हणून लाव्रीननंच त्याला आपल्या कंपनीत घेतलेला. संध्याकाळी बहिणीचा, मलांकाचा फोन. "मामा म्हणवतोस ना? मग तू मागं आणि माझं पोर पुढं, हे कसं रे? त्याला परत आण, नाहीतर तोंड दाखवू नकोस मला." लाव्रीननं पाण्याचे कॅन घेतले, बॅटऱ्या घेतल्या, बहिणीनं पाठवलेला वारेनिकींचा, त्या उकडलेल्या करंज्यांचा डबा घेतला. सव्वाआठपासून खंदकाचा वायरलेस गप्प होता. बॅटरी उतरली असेल, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

नऊ चाळीसला मी झाडांच्या रांगेशी गाडी थांबवली. पुढं चारशे पावलं चालत. चंद्र उगवला नव्हता. त्या काळ्या चिखलात बूट रुतत होते.

तो खंदकात उतरला आणि हात टेकला. चिखल वाटला. चिखल कोमट होता. त्यात दात होते.

दिवा लावायची सोय नाही, वर ड्रोन घोंघावतंय. हातानं चाचपत निघाला. एक बूट, आत पाय, वर काहीच नाही. कुणाचा, कळेना. "डेमको..." असं हळूच म्हणाला.

तेवढ्यात काठावरून तिघं उतरले. ते आपले नव्हते, रशियन होते. पहिला सरळ लाव्रीनच्या अंगावर पडला. बंदूक खाली दबली. गळ्यावर दोन अंगठे. लाव्रीननं त्याचा कान चावून तोडला, तरी अंगठे सुटेनात. डोळ्यांपुढं अंधारी आली.

थप्.

ओल्या लाकडात कुऱ्हाड बसावी तसा आवाज. अंगठे सैल पडले. तोंडावर ऊन ऊन धार आली.

थप्. दुसरा ओरडला. अर्धाच ओरडला.

थप्. थप्. थप्.

मग शांत.

उजव्या टोकाला कुणीतरी श्वास घेत होतं. घशात पाणी भरल्यासारखा. नदीचा वास आला.

"हजेरी घे."

लाव्रीनला वाटलं, आपलाच कुणी. "कोण आहे?"

"हजेरी घे."

"ओ... ओखरीम बाबीय..."

"पहिल्यापासून."

पोरांनो, तेव्हा त्याला कळलं. तरी बोलला.

"सार्जंट... कोत्सुबा."

"आहे."

सत्तर वर्षं दुसरे सांगत होते, पडला. आता सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

"पुढचं."

"ओखरीम बाबीय."

"पडला."

"तादेय स्कोरिक."

"...पडला."

आता एकच नाव उरलं. लाव्रीननं ओठ घट्ट मिटले. नाव घेतलंच नाही तर उत्तरही येणार नाही. मला सांगताना हा आडदांड माणूस ढसाढसा रडला. म्हणाला, "यूहिम, उभ्या जन्मात एवढा भ्यालो नाही."

"पुढचं."

...

पाऊल वाजलं. चपक्. पाणी भरलेला बूट. आणखी एक. आता अगदी समोर.

"नाव घे."

"डेमको... डेमको हालात्यूक." आणि मग, "माझा भाचा आहे रे तो. चुकलो मी. रेघ मी मारली, माझं ने, त्याचं..."

...

...

"आहे."

आवाज आला तिकडे तो रांगत गेला. तिथं डेमको. बेशुद्ध, मांडी फाटलेली, पण रक्त थांबलेलं. मांडीवर कुणीतरी फडकं आवळून गाठ मारली होती. लाव्रीननं त्याला पाठीवर घेतलं. सव्वाअकराला दोघं गाडीपाशी आले. लाव्रीन नखशिखांत लाल.

पोरगं वाचलं. पाय गेला, पण आईच्या हातचं खातंय. लाव्रीननं दुसऱ्याच दिवशी शाईनं कोत्सुबाचं नाव लिहिलं, पहिल्या ओळीत.

डॉक्टरीणबाईंनी ते फडकं कापून काढलं आणि मला विचारलं, "हे बांधलं कुणी? असली फडकी माझे आजोबा सैन्यात पायाला गुंडाळायचे, मोजे नव्हते तेव्हा." झटकलं तर वाळू पडली. पांढरी, बारीक, नदीची. त्या खंदकापासून पाच कोसांत काळ्या मातीशिवाय काही नाही.

चला, हजेरीची वेळ झाली. आज उजवीकडे पहिला कोण? तूच ना, झेनिक? उत्तर मोठ्यानं दे. त्याआधी तो पत्र्याचा डबा उघड. तेच फडकं आहे. तीन वर्षं झाली, सुकावं म्हणून मी रोज स्टोव्हजवळ ठेवतो. आत हात घाल. घाल रे...

अजून ओलं आहे ना?